बेल उठायच्या आधी दाबायची

रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसाला नर्सला बोलावता यावं म्हणून उशाशी एक बटण दिलेलं असतं. वॉर्डात सगळे त्याला बेल म्हणतात. पेशंट आला की ‘काका, ही बेल, काही लागलं तर दाबा’ असं सांगितलं जातं आणि बेल शिकवून झाली असं आपण धरून चालतो. खरं तर तेव्हा फक्त बेल दाखवून झालेली असते. ‘काही लागलं तर’ म्हणजे नेमकं काय, हे कोणी सांगितलेलं नसतं. आणि कोकणातलं म्हातारं माणूस स्वतःला काही लागतं असं सहसा कबूलच करत नाही.

मी कोकणातल्या वॉर्डांत काम करणारी नर्स आहे. पेशंटला बेल वापरायला शिकवणं हे वेळेवर औषध देण्याइतकंच आमचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. वॉर्डात पेशंट पडतो तेव्हा पुष्कळदा तो लघवीला किंवा संडासला जायला म्हणून एकटाच उठलेला असतो. बेल तिथेच असते, तिच्याकडे हात गेलेला नसतो. हा लेख मुख्यतः नातेवाइकांसाठी आहे, पण नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरनाही उपयोगी पडावा.

आधी ही बेल चालते कशी ते पाहू. बटण दाबलं की नर्सच्या टेबलाजवळच्या पॅनेलवर त्या खाटेचा नंबर लागतो, आवाज येतो आणि बऱ्याच ठिकाणी खोलीच्या दारावरचा दिवा पेटतो. आवाज थांबला तरी दिवा तसाच राहतो. तो बंद करायचं बटण बहुधा खाटेपाशी असतं, म्हणजे विझवायला कोणाला तरी पेशंटपर्यंत यावंच लागतं. ही कल्पना फार जुनी आहे. १८५३ साली लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका लहान रुग्णालयाचं काम हाती घेताना आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मागणी केली होती की पेशंटच्या घंटा नर्सच्या दाराबाहेर वाजाव्यात, आणि घंटा वाजली की तिची झडप उघडून तशीच उघडी राहावी, म्हणजे कोणी बोलावलं ते नर्सला नंतरही दिसेल. गरम पाणी प्रत्येक मजल्यावर नळाने यावं आणि जेवण वर चढवायला यंत्र असावं, हेही त्यांनी त्याच वेळी मागितलं होतं. नर्सने पेशंटपासून लांब जायची गरज जितकी कमी तितकं बरं, हा त्यामागचा विचार.

पेशंटला हे सगळं सांगायची गरज नाही. पण ‘दिवा पेटला म्हणजे निरोप पोचला’ एवढं सांगायलाच हवं. खाटेवरच्या माणसाला पलीकडचा आवाज ऐकू येत नाही. त्याला वाटतं बेल बिघडली. मग कोणी पाच-सहा वेळा दाबत बसतो, कोणी एकदा दाबून वाट पाहतो आणि उठून चालायला लागतो. या दुसऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत तर दारावर लावतात तसलीच साधी बेल असते, दाबून धरली तेवढाच वेळ वाजणारी. सिस्टर पलीकडच्या खोलीत असेल तर कोणी बोलावलं त्याची खूणही मागे राहत नाही. अशा ठिकाणी ‘थोड्या वेळात कोणी आलं नाही तर परत दाबा, पण उठू नका’ हे स्पष्ट सांगावं लागतं.

पुढची अडचण यंत्राची नाही, भिडेची आहे. मालवणकडच्या आजीला ‘बेल का नाही दाबलीत?’ म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘कित्याक गो बाय तुका त्रास, मी हळूहळू जातंय.’ आयुष्यभर विहिरीचं पाणी ओढलेली, भाताची लावणी केलेली, मुलगे मुंबईला गेल्यावर घर एकटीने सांभाळलेली ही बाई. लघवीला जाण्यासाठी दुसऱ्याला उठवायचं, हे तिला पटतच नाही. सोबतीला आलेली सून खाटेखाली चटईवर झोपलेली असते, तिलाही आजी उठवत नाही. दिवसभर पोरीचे हाल झालेत, झोपू दे जरा.

या आजीला ‘पडाल, हात-पाय मोडेल’ अशी भीती घालून फारसा उपयोग होत नाही, ती हसते. तिला कारण सांगावं लागतं. आडवं पडलेलं माणूस उभं राहिलं की अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. तब्येत ठीक असेल तर शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून ते सावरतं. ताप, जुलाब, रक्तस्राव, बरेच दिवस पडून राहणं, वय, रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, यांनी हे सावरणं मंदावतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टर त्याची दखल घेतात, कारण त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी चालणारी आजी वॉर्डात का पडते, त्याचं एक मोठं उत्तर हे आहे. घरची आजी आणि तीन दिवस तापाने खाटेवर असलेली आजी, यांच्या अंगातली ताकद वेगळी असते.

आपल्या भागातलं एक उदाहरण तर अगदी नेमकं आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरात आणलं. त्यांचं त्यावरचं लेखन १९८६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या गोळीने माणूस वाचला. पण ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, आणि पहिल्या डोसनंतर माणूस झटकन उठून बसला तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. म्हणून गोळी घेतलेल्याला पडूनच राहायला सांगतात. आता बारा-तेरा वर्षांचा मुलगा, वेदना कमी झाल्यात, तहान लागली आहे, आई औषध आणायला खाली गेली आहे. त्याने उठायचं नाही, बेल दाबायची, हे त्याला आणि आईला गोळी देतानाच सांगितलं पाहिजे. गोळीबरोबरची ती सूचना आहे.

म्हणून आम्ही ‘काही लागलं तर’ हे शब्द सोडून दिले. त्याऐवजी एकच वाक्य: ‘पाय जमिनीवर टेकवायच्या आधी बेल.’ लघवी असो, पाणी असो, खाली पडलेला चष्मा असो, खिडकी लावायची असो. चष्मा आणि मोबाइल खाली पडणं ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण खाटेवरून वाकून वस्तू उचलायला जाणं हा पडण्याचा हमखास मार्ग आहे.

शिकवायचं कधी, हाही प्रश्न आहे. दाखल होतानाची वेळ सगळ्यात वाईट. केसपेपर, डिपॉझिट, रक्त काढणं, नातेवाइकांचे फोन, दुखणं तर आहेच. त्या अर्ध्या तासात सांगितलेलं कोणाच्याही डोक्यात राहत नाही. तेव्हा बेल हातात द्यावी, पण शिकवावं थोडं स्थिरस्थावर झाल्यावर. मग परत एकदा संध्याकाळी, भेटायला आलेली मंडळी शेवटची एसटी पकडायला निघतात तेव्हा, कारण पेशंटची खरी एकटी रात्र तिथून सुरू होते. ऑपरेशन झालं असेल तर नव्याने. कंबरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर पाय काही तास बधिर असतात. पायाला हालचाल आली म्हणजे वजन पेलेल असं नाही, आणि हे पेशंटला आतून कळत नाही. खाट बदलली तरी पुन्हा दाखवावं, नव्या खाटेवर बटण दुसऱ्या बाजूला असतं.

आणि ‘कळलं ना?’ असं कधी विचारू नये. त्याला उत्तर एकच येतं, ‘हो हो’. विचारायचं असं: ‘आजोबा, रात्री दोन वाजता लघवीला जावंसं वाटलं, तर पहिल्यांदा काय कराल?’ देवगडकडच्या एका आजोबांना मी असं विचारलं. ते म्हणाले, ‘दिवा लावीन.’ बरोबरच होतं, घरी ते तेच करत असणार. दिव्याचं बटण दाराशी, खाटेपासून सात-आठ पावलांवर. मग त्यांच्याच हाताने बेल दाबून घेतली. दारावरचा दिवा पेटलेला त्यांना दिसावा म्हणून पडदा सरकवला. वॉर्डातल्या मावशी दारात येऊन ‘काय हवंय आजोबा?’ म्हणाल्या. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी गप्प राहिले. त्यांनी स्वतःच म्हटलं, ‘लघवीक जावचा आसा.’ हे तीन शब्द एकदा दिवसाउजेडी, चारचौघांत तोंडातून निघाले की रात्री अडत नाहीत. नुसतं बटण दाबायचा सराव पुरत नाही, मागायचाही करून घ्यावा लागतो.

बेल कुठे ठेवायची हे तर डोळ्यांनी बघून ठरवायचं. सलाईन उजव्या हाताला असेल तर बेल डाव्या हाताशी. अर्धांगाचा झटका आलेल्याला चांगल्या हाताच्या बाजूला, आणि तीही त्याला दिसेल अशी, कारण अशा काही पेशंटना आपल्या दुबळ्या बाजूची जाणीवच राहत नाही, तिकडे ठेवलेली वस्तू त्यांच्या लेखी नसते. संधिवाताने बोटं वाकली असतील तर लहान बटण दाबलं जात नाही, तळहाताने किंवा मुठीने दाबता येतं का ते करून पाहावं. वायर उशीखाली सरकते, कठड्यावरून खाली लोंबते, चादर बदलताना गादीखाली जाते. मी ती क्लिपने किंवा चिकटपट्टीने चादरीला अडकवते, आणि खोलीतून निघायच्या आधी पेशंटला डोळे मिटून बेल शोधायला सांगते. अंधारात सापडली पाहिजे, म्हणून.

न थांबता बेल दाबायची अशी काही कारणं आहेत, ती मात्र नातेवाइकांनीही पाठ करावीत. छातीत दुखणं, दम लागणं, अचानक बोलणं अडखळणं किंवा तोंड वाकडं होणं, ड्रेसिंगमधून रक्त झिरपणं, सलाईनची जागा सुजणं किंवा जळजळणं. रक्त चढवायला सुरुवात झाल्यावर थंडी वाजली, अंगाला खाज सुटली, ताप आला, कंबर दुखू लागली, तर ताबडतोब. गंभीर प्रतिक्रिया पुष्कळदा पहिल्या पंधरा मिनिटांतच दिसते, म्हणून त्या वेळी आम्ही खाटेपाशी जास्त घुटमळतो.

याउलट सलाईनची बाटली संपत आली की सगळा वॉर्ड घाबरतो. बाटली संपली तर हवा शिरेत जाऊन माणूस दगावेल, ही भीती घराघरांत आहे. उंचावर टांगून थेंबाथेंबाने उतरणारी साधी सलाईन असेल तर बाटली रिकामी झाल्यावर नळीतलं पाणी ठरावीक पातळीला येऊन थांबतं. कधी थोडं रक्त नळीत उलटं चढतं, आणि जास्त वेळ गेला तर सुई बंद पडून नवी टोचावी लागते. म्हणून थोडी शिल्लक असतानाच बेल दाबावी, ते योग्यच. पण धावपळ करू नये, आणि नळीवरचं चाक स्वतः फिरवू नये. कमी-जास्त वेगाने गेलेली सलाईन हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटला खरोखर अपाय करते. पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) पेशंट येतात, त्यांच्या किडनीवर ताण असतो. आत किती गेलं आणि लघवी किती झाली याचा हिशेब आम्ही ठेवत असतो, म्हणून लघवी झाल्यावर भांडं परस्पर रिकामं न करता बेल दाबून सांगावं.

काही पेशंटना मात्र बेल शिकवून भागतच नाही, आणि ते ओळखणं ही नर्सची कसोटी. मण्यार चावलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. दंश पुष्कळदा झोपेत होतो, फारसा दुखतही नाही. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान धरवत नाही, हातातलं बळ जातं. शुद्ध असते, सगळं ऐकू येत असतं, पण बटण दाबता येत नाही आणि हाकही मारता येत नाही. तिथे बेलवर भिस्त ठेवणं म्हणजे त्याला एकटं सोडणं. त्याच्याजवळ माणूसच हवं. तसंच आजारपणात भ्रम झालेल्या म्हाताऱ्यांचं. दुपारी छान बोलणारे आजोबा रात्री ‘गुरं बांधायची राहिली’ म्हणून खाटेवरून उतरू लागतात. दुपारी शिकवलेली बेल तेव्हा त्यांच्या ध्यानी नसते. त्यांना दटावून काही होत नाही. खाट खाली घ्यावी, नर्सच्या टेबलासमोर आणावी, ओळखीचा आवाज जवळ ठेवावा.

आता आमच्या बाजूचं. पेशंट बेल दाबायला शिकतो ते आमच्या बोलण्यातून कमी आणि आमच्या वागण्यातून जास्त. ‘काय सारखी बेल वाजवता?’ हे एक वाक्य रात्री एकदा उच्चारलं की ती खाट गप्प होते, आणि ऐकणाऱ्या शेजारच्या पाच खाटाही. खाटेपाशी येऊन नुसतं ‘आलेच’ म्हणत दिवा बंद करून निघून जाणं त्याहून वाईट, कारण आता निरोपाची खूणही पुसली. वेळ लागणार असेल तर खरं सांगावं: ‘पलीकडे इंजेक्शन द्यायचंय, दहा मिनिटं लागतील, तोवर उठू नका, भांडं इथे ठेवते.’ बेलला नर्सनेच उत्तर द्यावं असंही नाही. मावशी, वॉर्डबॉय, जो दारावरून जात असेल त्याने डोकावून काय हवंय विचारावं आणि योग्य माणसाला सांगावं. नर्स कमी आणि खाटा जास्त, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. तिच्यामुळेच हे ठरवून करायला हवं.

आणि बेल वाजायच्या आधी जाणं सगळ्यात उपयोगी. २००६ साली अमेरिकेतल्या काही रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे नर्स ठरलेल्या वेळाने प्रत्येक खाटेपाशी जाऊन दुखतंय का, कूस बदलायची का, लघवीला जायचं का, वस्तू हाताशी आहेत का, असं विचारत. दर तासाला फेरी झाली तिथे बेल वाजण्याचं प्रमाण उतरलं आणि पडण्याचंही. यात थोडं डोकं वापरलं तर फेऱ्या आणखी नेमक्या होतात. लघवी जास्त व्हावी म्हणून द्यायची गोळी तोंडाने दिली की अर्ध्या-एक तासात जावं लागतं, तेच औषध शिरेतून दिलं तर पाच मिनिटांतच. मग ती गोळी रात्री झोपताना कशाला द्यायची, हे डॉक्टरांना विचारता येतं, आणि सकाळी दिली की अर्ध्या तासाने आपणच खाटेपाशी हजर राहता येतं. सारखी बेल दाबणाऱ्या पेशंटच्या मागेही बहुधा भीती असते. ‘मी नऊला येईन’ म्हणून खरंच नऊला गेलं, असं दोनदा केलं की ते शांत झोपतात.

संडासातल्या दोरीबद्दल एक विनंती आहे. जिथे बेलची दोरी असते तिथे ती ओली होते, पायात येते म्हणून कोणीतरी गाठ मारून वर बांधून ठेवतं. ती जमिनीलगत लोंबलीच पाहिजे, कारण तिची गरज पडते तेव्हा माणूस जमिनीवर असतो. बांधलेली दिसली तर सोडा.

आणि वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेकडून आत शिरलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कितीतरी गावं पुष्कळ दिवस अंधारात होती. पण वादळच कशाला, मिरगाचा पहिला पाऊस पडला तरी लाइट जाते. बेलला बॅटरीचा आधार आहे का, जनरेटर सुरू होईपर्यंत ती चालते का, हे मे महिन्यातच तपासून घ्यावं. नसेल तर प्रत्येक खाटेला हातात धरून वाजवायची पितळी घंटा द्यावी. काही वॉर्डांत बेल मुळातच नाही, तिथेही हीच घंटा कामाला येते. एकटे असलेले आणि पडण्याची भीती असलेले पेशंट नर्सच्या टेबलाजवळच्या खाटांवर ठेवावेत.

डिस्चार्जच्या दिवशी हा विषय संपत नाही, उलट घरी पेशंटला जास्त एकटं राहावं लागतं. आमच्याकडच्या कितीतरी घरांत संडास मागीलदारी, पडवीच्या दोन पायऱ्या उतरून. वायर नसलेली दाराची बेल काही शे रुपयांत मिळते. तिचं बटण खाटेशी बांधावं आणि वाजणारा डबा स्वयंपाकघरात, किंवा म्हातारा-म्हातारी दोघंच असतील आणि शेजारचं घर लागून असेल तर शेजाऱ्यांकडे. बसवल्यावर ती रात्रीच वाजवून बघा, पंखा चालू ठेवून, आणि जमल्यास पत्र्यावर पाऊस कोसळत असताना. ऐकू आली नाही तर डबा जवळ आणा. आणि सेल कधी बदलायचे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.